आईच्या मुठीतली सुपारी

माझं बी.एस्सी.पर्यंतचं शिक्षण देवीच्या नारळांवर झालं. आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही चार सुशिक्षितांनी मिळून एक विचार मंडळ काढलं होतं, तिथं मी पुष्कळ विषयांवर बोललो, पण हे एवढं कधी बोललो नाही. 

आई गावदेवीचं झाड होती. आमच्याकडे ज्याच्या अंगात देवी येते त्याला झाड म्हणतात. देवी म्हणजे वारं, वाऱ्याला टेकायला काहीतरी लागतंच. माझे वडील गेल्यावर वर्षभरात ते वारं आईवर आलं आणि तिथंच राहिलं. दर मंगळवारी सकाळी ती देवळात बसायची. बायका नारळ घेऊन यायच्या, गुरव ढोल वाजवायचा, आई घुमायची आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायची. नारळ निम्मे गुरवाचे, निम्मे आमचे. आमचे निम्मे नागावच्या वाडीतल्या नारळांबरोबर रेवसला जायचे आणि तिथून मचव्यानं भाऊच्या धक्क्याला. कॉलेजात नाव घातलं तेव्हा मीही त्याच मचव्यातून गेलो, पोत्यांना टेकून. नारळ तिकडेच विकले गेले, मी मात्र शिकून परत आलो. गावाचं नुकसान झालं ते तिथं.

परत आलो तो सायन्स मास्तर होऊन. माझ्याकडे स्पिरिटचा दिवा होता, काचेच्या नळ्या होत्या, डोक्यावर काळी टोपी होती आणि समोरच्याला अडाणी ठरवायला मला फार वेळ लागत नसे. विचार मंडळात माझा जोडीदार म्हणजे गावचा डॉक्टर. आम्ही दर रविवारी जमायचो आणि अंधश्रद्धेवर हल्ला करायचो. हल्ल्याच्या वेळी अंधश्रद्ध लोक कुणीच हजर नसत, त्यामुळे आमचा पराभव कधी झाला नाही.

‘अंगात येणे: एक मज्जाविकार’ या विषयावर माझं भाषण ठरलं, त्या दिवशी कोट आईनंच झटकून दिला.

“काय सांगनार हायेस तिथं?” तिनं विचारलं.

“अंगात येणं हा एक रोग आहे असं.”

“बरं. मग औषध पन सांग. नुसता रोग सांगितला का लोक चिडतात.”

ती थट्टा करत होती की खरंच सांगत होती हे मला तेव्हाही कळलं नाही. माझी बायको पलीकडे तांदूळ निवडत होती, ती मात्र सुपात तोंड घालून हसली. बायको मराठी चौथी शिकलेली. देवीबद्दल तिला मत विचारलं की ती म्हणायची, “तुमचं दोघांचं काय ते ठरलं की जेवायला या.” मी याला वैचारिक आळस म्हणत असे.

आईच्या बाबतीत माझी खरी अडचण वेगळीच होती. शास्त्रानं माझ्या हाती दोन डबे दिले होते. एकावर लिहिलं होतं ढोंग, दुसऱ्यावर हिस्टेरिया. सगळ्या तालुक्यातले भगत, देवरुषी, घुमणाऱ्या बायका मी या दोन डब्यांत भराभर टाकल्या. आई कशातच बसेना. ढोंगी बाईनं उत्तरं तरी गोड दिली असती. आई अंगात आल्यावर लोकांना फटकन सांगायची की मुलगा होणार नाही, नवरा सुधारणार नाही, घरी जा. एवढं ऐकूनही बायका पुढच्या मंगळवारी नारळ घेऊन हजर. आणि हिस्टेरिया म्हणावं, तर आमच्या घरात न ओरडणारं माणूस ते एकच होतं. ओरडायचो मी.

एकदा मी तिचा ताप मोजायचं ठरवलं. अंगात येण्याआधी किती, येताना किती, गेल्यावर किती. डॉक्टरकडून थर्मामीटर आणलं. आधीचा आकडा मिळाला. मधला आकडा घ्यायला मी ढोल चालू असताना पुढे झालो आणि तिच्या काखेत थर्मामीटर सरकवलं, तशी देवीनं माझ्या हातावर अशी चापट मारली की काच देवळाच्या उंबऱ्यापलीकडे जाऊन फुटली. भानावर आल्यावर आई फार ओशाळली. “मला ठावं असतं तर जपून धरलं असतं रं,” म्हणाली. चापट मारणारी कोण आणि ओशाळणारी कोण, हा प्रश्न मी डॉक्टरपुढे मांडला. त्याला काचेचं जास्त वाईट वाटलं होतं.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ही मी मंडळात तर नाहीच, घरीही कुणाला सांगितली नव्हती.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड चालू होती त्या साली चैत्रात देवीची पालखी निघाली, आणि मी हातात घड्याळ घेऊन तिच्याबरोबर चाललो होतो. ढोलाचा ठोका ठरावीक गतीला पोचला की माणूस घुमू लागतो असा माझा सिद्धान्त होता, त्यासाठी ठोके मोजत होतो. भर सकाळचं ऊन. पायाखाली किनाऱ्याची वाळू तापलेली. आणि अचानक माझे घोटे गार पडले. गुडघ्यापर्यंत गार. मग ढोल ऐकू येईनासा झाला, बुडी मारल्यावर कानात पाणी जातं तसा. आणि मी सगळं वरून पाहिलं.

वरून म्हणजे खरंच वरून. नारळाची झाडं माथ्यावरून कशी दिसतात हे नारळ उतरवायला चढणाऱ्या पाडेकऱ्याशिवाय कुणी पाहिलेलं नसतं, ती मी पाहिली. पालखीवरची लाल छत्री पाहिली. आईचे सुटलेले पांढरे केस पाहिले. आणि गर्दीत एक माणूस टोपी पडलेल्या डोक्यानं घुमत होता, त्याच्या टाळूवर मागच्या बाजूला रुपयाएवढं टक्कल होतं. तो मी होतो. वर माझ्याशेजारी कुणीतरी उभं होतं. बोललं नाही, शिवलं नाही. पण वडील गेल्यापासून माझ्या पोटात जी एक पोकळी होती, ती तेवढा वेळ नव्हती. मला इतकं बरं त्याआधी वाटलं नव्हतं आणि त्यानंतरही कधी वाटलं नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा वाळूत बसलो होतो. गुरव माझ्याकडे टक लावून बघत होता. मी म्हटलं, “ऊन लागलं. सकाळी काही खाल्लं नव्हतं.” तो “व्हय” म्हणाला. या माणसाच्या “व्हय”चा मला फार राग यायचा.

घरी येऊन मी दार लावलं आणि दोन आरसे घेतले. एक समोर, एक मागे. टक्कल होतं. बरोबर रुपयाएवढं, बरोबर तिथंच. काळ्या टोपीखाली ते मला आजवर कधी दिसलंच नव्हतं. माझ्या आयुष्यातलं हे एकच निरीक्षण असं, की जे मी आधी केलं आणि मग प्रयोगानं सिद्ध झालं, आणि ते मला कुठंही छापता येणार नव्हतं. मी स्वतःला समजावलं: मेंदूला रक्त कमी पडलं, लोबानाच्या धुरात कार्बानिक आम्ल वायू असतो, न्हावी कधीतरी टकलाबद्दल बोलला असेल आणि ते मनात राहिलं असेल. न्हाव्याला जाऊन विचारलंही. तो म्हणाला, “मास्तर, मी असं गिऱ्हाइकाला सांगीन का?”

त्यानंतर दर वर्षी पालखीच्या दिवशी मला मुंबईत तातडीचं काम निघायचं. एका वर्षी काम काढता आलं नाही तर आदल्या दिवसापासून गुंगीचं ब्रोमाईड घेऊन पडून राहिलो. ढोल लांबून ऐकू आला तरी घोटे गार पडत. रविवारी मंडळात माझी भाषणं याच काळात जास्त जोरकस झाली असं डॉक्टर म्हणत असे.

मग आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, हृदय संपलंय, आज-उद्याचा प्रश्न आहे. आज गेला, उद्या गेला, त्यानंतरही कितीतरी दिवस गेले. आई जेवेना आणि जाईना. मागच्या पडवीत तिची खाट टाकली होती, तिथून तिचा श्वास स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा, करवत ओली लाकडं कापते तसा. एकेक श्वास ती ओढून आणायची आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा वेडावाकडा व्हायचा. आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली.

त्या मुठीत सुपारी होती. आई अंथरुणाला लागली त्याच दिवशी तिनं गुरवाकडून देवीच्या पायावरची सुपारी मागून घेतली होती. गावाची रीत अशी की झाड मरायला टेकलं की देवी त्याच्यात अडकते. ती दुसऱ्या कुणी घ्यायला हवी. घेणाऱ्यानं झाडाच्या मुठीखाली आपला तळहात धरायचा आणि नुसतं “ये” म्हणायचं. झाडाला पटलं तर मूठ आपोआप उघडते आणि सुपारी खाली पडते. तोवर देवीही जात नाही आणि जीवही जात नाही. घेणारा शक्यतो रक्ताचा असावा. आईला रक्ताचं माणूस एकच होतं, आणि ते सायन्स शिकवत होतं.

गुरव आला. पायरीखालीच उभा राहिला. “मास्तर, तुमच्या मनाच्या भायेर काय न्हाय. पन म्हातारी कष्टी हाय.”

मी त्याला खाली बसवून सविस्तर समजावून सांगितलं. हृदय म्हणजे काय, झडपा म्हणजे काय, मरणं लांबतं ते कशामुळे. त्यानं सगळं मान हलवत ऐकलं. शेवटी म्हणाला, “व्हय. पन म्हातारी कष्टी हाय.”

मी तडक डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, हा माणूस तरी माझ्या बाजूचा आहे. डॉक्टर म्हणाला, “अरे, मग म्हण की! एक शब्द तर आहे. मी निम्म्या रोग्यांना रंगीत पाणी देतो. ते घेतात आणि बरे होतात. तू समज की आईला साखरेची पुडी देतोयस.”

इतकी वर्षं ज्याच्याबरोबर खांद्याला खांदा लावून लढलो त्या माणसाला हे बोलायला काही वाटलं नाही. मी म्हटलं, “तत्त्वाचा प्रश्न आहे.” तत्त्व हा शब्द फार सोयीचा आहे. पुढे कुणी काही विचारत नाही.

प्रश्न तत्त्वाचा नव्हता. देवी नाहीच, तर “ये” म्हणायला माझं काय जात होतं? रिकाम्या अंगणाकडे बघून माणूस दहा वेळा “या, बसा” म्हणू शकतो. मी मात्र दाराला पाठ लावून, पाय रोवून बसलो होतो. मला भीती खोटं बोलण्याची नव्हती. ते खोटं ठरणार नाही याची होती. मी “ये” म्हणेन आणि ती येईल. मग सोमवारी वर्गात फळ्यापुढे कोण उभं राहणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती यावी असं मला वाटतही होतं. त्या वाळूवरच्या सकाळी मला जे बरं वाटलं होतं त्याच्यासाठी मी आतल्या आत आसुसलो होतो. हे डॉक्टरला कसं सांगणार? त्यानं मला लगेच दुसऱ्या डब्यात टाकलं असतं.

एका सकाळी मी आईच्या ओठांना पाणी लावत होतो. तिनं डोळे उघडले आणि श्वासांच्या मधून म्हणाली, “बाला, उतरव ना.”

आमच्याकडे डोक्यावर भारा घेऊन आलेली बाई दारात उभी राहून असंच म्हणते. तिला एकटीला तो खाली ठेवता येत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. असं म्हटल्यावर वैऱ्याच्या डोक्यावरचा भारासुद्धा माणूस उतरवतो. मी उठलो, आंघोळ केली आणि गुरवाला बोलावणं पाठवलं. डॉक्टरलाही बोलावलं. का, ते विचारू नका. साक्षीदाराशिवाय प्रयोग करायची मला सवय नव्हती.

पडवीत ऊन आलं होतं. गुरव खाटेच्या पायाशी, डॉक्टर दाराशी. मी खाटेजवळ बसलो, डावा तळहात आईच्या मुठीखाली धरला आणि म्हणालो, “ये.”

काही झालं नाही.

जरा मोठ्यानं म्हटलं, “ये.”

आईनं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

“त्यो दुसरा हात कशाला धरलायस?”

मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं माझ्याच डाव्या मनगटावर होती. शप्पथ सांगतो, ती तिथं कधी गेली मला माहीत नाही.

“नाडी बघतोय,” मी म्हणालो.

“कुनाची?”

“माझी.”

आईच्या ओठाचा कोपरा हलला. एवढ्या कष्टात जेवढं हसता येतं तेवढं ती हसली असावी. “तुला घ्यायची न्हाय रं ती. तुला बघायची हाय.”

मी झटक्यानं उजवा हात काढून पाठीमागे नेला. “नाही, आई, आता खरंच घेतो,” म्हणालो. डॉक्टरच्या देखत म्हणालो. “ये. ये. ये.” तिसऱ्या वेळेला ते गोठ्यातल्या वासराला बोलावल्यासारखं ऐकू आलं. आईची मूठ जास्तच आवळली, नखं तळव्यात रुतलेली दिसत होती. तिनं डोळे मिटून घेतले आणि करवत पुन्हा सुरू झाली. माझे घोटे गरम होते. सगळं अंग गरम होतं. कुणीही आलं नव्हतं, येणार नव्हतं, आणि मी हात पुढे करून तसाच बसलो होतो.

तेवढ्यात बायको पेजेची वाटी घेऊन आली. क्षणभर आमच्याकडे बघत उभी राहिली. मग वाटी कोनाड्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, “सरका जरा.”

मी सरकलो. तिनं आईच्या मुठीखाली हात धरला. “द्या आत्याबाई, माझ्याकडं ठेवा. या. किती वेळ धरून बसणार?”

मूठ उघडली. सुपारी बायकोच्या तळहातावर पडली. गुरवानं हात जोडले. डॉक्टरनं घड्याळात पाहिलं.

आईनं दोन चमचे पेज घेतली, कितीतरी दिवसांनी. मग तिचा श्वास हळूहळू मऊ होत गेला आणि दुपार कलायच्या आत थांबला. चेहऱ्यावर आठी नव्हती.

डॉक्टरनं मला बाजूला घेऊन समजावलं. स्नायू थकले की मूठ उघडतेच. माझ्या वेळी उघडायची होती ती योगायोगानं तिच्या वेळी उघडली. मनावरचा ताण गेला की हृदय सैल पडतं. त्याच्या बोलण्यात मला एकही चूक काढता आली नाही. यातले निम्मे शब्द त्यानं माझ्याकडूनच घेतले होते.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी बायकोला गाठलं. “काय वाटलं तुला?”

“हात जड लागला त्यांचा.”

“तसं नाही. देवी आली का?”

“मला काय ठाऊक? आली असेल तर आहे.”

“आणि पालखीला काय करशील?”

“येईल तर येईल. नाही आली तर मी करीन तिचं काम. बायकांना विचारायला कुणीतरी हवंच ना?” असं म्हणून ती तांब्या घेऊन निघाली. “सरा आता, आत्याबाईंना आंघोळ घालायची आहे. तुम्ही बाहेर बसा.”

खरं की खोटं हा प्रश्न ती अशी ओलांडून गेली, उंबरा ओलांडावा तशी. मी इतकी वर्षं त्याच्यावर बसून होतो. मला तिचा संताप आला. आईसाठी रडायचं सोडून मी संतापत होतो, आणि कशासाठी, तर ज्या देवीवर माझा विश्वास नव्हता तिनं मला सोडून माझ्या बायकोला पसंत केलं म्हणून. अर्ज न करता नोकरी नाकारली गेल्यासारखं वाटत होतं. त्यातून मी अर्ज केलाही होता, पाचदा.

संध्याकाळी सुरूच्या बनापलीकडे चिता पेटली. माणसं पांगून बसली होती. गुरव माझ्याशेजारी येऊन टेकला आणि म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका, मास्तर.”

“सुटली म्हातारी,” मी म्हणालो.

“त्ये हायच. मी सुपारीचं बोलतो. समद्यांनाच मिळत न्हाय. माज्या बापानं हात धरला व्हता, त्याला पन न्हाय मिळाली. लई दिवस जेवला न्हाय बिचारा.”

माझ्याकडे यावर एक अख्खं भाषण तयार होतं. मला ती नकोच होती, मी केवळ आईच्या समाधानासाठी बसलो होतो, हे सगळं त्यात होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“पुन्हा हात धरता येतो का?”

गुरवानं चेष्टा केली नाही. तो खरोखरच विचार करू लागला. वाळूत बोटानं रेघ ओढली, पुसली.

“येतो की,” तो म्हणाला. “पन आता ती तुमच्या बाईंकडं हाय. बाई मरायला टेकतील तवा धरायचा.” मग चितेकडे बघत म्हणाला, “तवर तब्येत सांभाळा, मास्तर.”